मावशी, तुझं काचेचं पत्रक

तुमच्या घरातली देवाची जुनी तसबीर, काच तडकलेली, मागचा पुठ्ठा फुगलेला, शेवटी कुठे गेली? 'विसर्जन केली' हे उत्तर मला चालणार नाही. तिच्यातली काच कुठे गेली, ते सांगा.

मावशी, पत्रकाची सुरुवात वाचणाऱ्याला सवाल करून करायची, हे मला बाबांनी शिकवलं. सवाल मात्र तुझा आहे. वर्षभर तो माझ्या वहीत पडून होता. आज वर काढला, तर ऐकायला तू नाहीस.

परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझ्या लेकीनं, सुजातानं, मला दोन शब्द बोलायला उभं केलं. "ही क्रांती, आईची नदीवरची मैत्रीण," अशी तिनं माझी ओळख करून दिली. मी माईक हातात घेतला. चौकात, मोर्चात, कॉलेजच्या गेटवर मी तासतासभर बोलले आहे. विहारात मला दोन शब्दसुद्धा जमले नाहीत. नमस्कार करून खाली बसले. मागून कुणी बाई म्हणाली, "रडू दे, लहान हाय." मी रडत नव्हते, मावशी. मला लाज वाटत होती. कशाची, ते पुढे सांगते.

वाचणाऱ्यांसाठी तुझी ओळख एका वाक्यात करून देते. तू गौतमीमावशी, गोदाघाटावर गुडघाभर पाण्यात उतरून लोकांनी सोडलेलं निर्माल्य बाहेर काढणाऱ्या ठेक्यावरच्या बायकांपैकी एक. जन्मगाव, शिक्षण, वय यांतलं काही लिहीत नाही. मी एकदा वही काढून ते विचारलं होतं, तर म्हणालीस, "लेख लिहितेस का रेशनकार्ड काढतेस?"

आपली पहिली भेट मला अजून टोचते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा ओझरच्या कारखान्यातले कामगार, आयुष्यभर पत्रकं लिहिली. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, गणितं त्यांच्या कोऱ्या बाजूला सोडवली. त्यामुळे नदीचं काय चाललंय हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी पत्रकच काढणार होते. 'गोदामाईची हाक' असं नाव दिलं. गटाराचं पाणी, तळात ओतलेलं काँक्रीट, प्लॅस्टिक, सगळं त्यात होतं. बाबांची पत्रकं लोक न वाचता खिशात कोंबायचे हे लहानपणापासून पाहिलं होतं, म्हणून मी हुशारी केली. वरच्या अर्ध्या भागात मगरीवर बसलेल्या गोदादेवीचं रंगीत चित्र टाकलं. आठवडाभर घाटावर वाटत होते. लोक दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे. घरी येऊन बाबांना म्हणाले, तुम्हाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते मला जमलं.

आठव्या दिवशी घाटाच्या पायरीवर एक बाई कागद वाळत घालताना दिसली. प्रत्येक कागदावर एकेक दगड. जवळ गेले तर माझीच पत्रकं होती. देवीचा रंग उतरून मगरीवर आला होता.

"हे तू वाटतेस का?" तू विचारलंस.

"हो."

"मग घे. सकाळपासनं काढतेय. बाकीची गेली पैठणला. लांबपर्यंत पोचतंय तुझं लिखाण."

मला काही कळेना. तू हातातली जाळी खाली ठेवलीस आणि शाळेत शिकवावं तसं सांगितलंस. "अगं, देवीचा फोटो टाकलास ना वर. आता देवीला कचऱ्याच्या डब्यात कोण टाकील? पाप लागतं. मग घरी नेतात, देव्हाऱ्यात ठेवतात, चार दिवसांनी हाराबरोबर पिशवीत बांधतात, नि पिशवी पाण्यात."

त्या पत्रकाच्या शेवटची ओळ होती, 'नदीत काहीही टाकू नका.'

"नाव काय तुझं?"

"क्रांती."

तू मागे वळून पाण्यातल्या बायकांना ओरडून सांगितलंस, "ए, क्रांती आली गं. पार भिजून आली."

त्या हसल्या. मग मीही हसले. मावशी, माझ्या सगळ्या लिखाणावर त्याहून खरी टीका अजून कुणी केलेली नाही.

त्यानंतर मी येत राहिले. माझी सकाळ नऊला उगवायची, तुमची पाचला. मी पायऱ्या उतरताना दिसले की ठरलेलं वाक्य यायचं, "क्रांती आज पण उशिरा." पाठोपाठ दुसरं, "चप्पल काढू नको, काचा हायेत." थर्मासचा चहा, कागदी कप नाहीत, एकच स्टीलचा पेला आणि तो फिरवायचा. तू पाण्यातून आलेलं वेगळं करत बसायचीस. फुलं एकीकडे, नारळ एकीकडे, चुनऱ्या पिळून दगडावर. देवांच्या तसबिरी मात्र भिंतीला टेकवून नीट रांगेत. मी विचारलं होतं, "मावशी, तुम्ही तर हे मानत नाही. मग एवढं सांभाळून का?" तू म्हणालीस, "देव त्यांचा हाय, पाय माझा हाय. मी कशाला लावू?"

तुझ्या नावावरून आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मला वाटलं होतं तुझं नाव नदीवरून ठेवलंय. गोदावरीचं एक नाव गौतमी आहे, तेवढं मी वाचलेलं होतं. तू चिडलीस. "नदीवरनं नाय. बुद्धांची आई गेल्यावर ज्या मावशीनं त्यांना वाढवलं, तिचं नाव गौतमी. माझ्या बापानं विचार करून ठेवलंय." मग जाळीची काठी माझ्याकडे रोखून म्हणालीस, "आणि तू ते माई-माई लिहिणं बंद कर."

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवर जाऊन येतो, गंगेवर भाजी घेतली. आणि भाषणात तिची माई होते. तुझं म्हणणं होतं की सगळा घोळ तिथेच आहे. "आई म्हटलं की लोक सैल सुटतात. आई सगळं पोटात घालती ना. उष्टं, खरकटं, रुसणं, शिव्या, सगळं. मग घाला तिच्या पोटात. मावशी म्हणा की नदीला. मावशीच्या घरी जाताना माणूस पाय पुसतो. बाळाला सांगतो, इथं सांडू नको रे, मावशीचं घर हाय."

मी वाद घातला. म्हणाले, आई हा शब्द काढला तर लोक ऐकणारच नाहीत, त्यांच्या मनापर्यंत जायला तोच एक दरवाजा आहे. तू म्हणालीस, "त्याच दरवाज्यातनं तुझी देवी पाण्यात गेली."

मला अजून पूर्ण पटलेलं नाही. तू असतीस तर आजही भांडले असते. पण हे लिहिताना एकदाही हात गोदामाई लिहायला वळला नाही, हेही तुला सांगून ठेवते.

आणि ती स्वच्छता मोहीम. मीच भरवली होती. शंभरेक मुलं, पांढऱ्या टोप्या, नवे कोरे रबरी हातमोजे, फलक. तासभर सगळ्यांनी पाणवेली ओढल्या, फोटो काढले, वडापाव खाल्ला आणि गेले. तुम्ही सगळ्या बाजूला पायरीवर बसून होता, कारण साहेब लोक येणार म्हणून त्या दिवशी तुम्हाला पाण्यात उतरू नका असं सांगितलं होतं. ज्या बायका वर्षभर नदी साफ करतात त्यांना नदी साफ होण्याच्या कार्यक्रमात उभं राहायला जागा नव्हती, आणि तो कार्यक्रम माझा होता. मला ते दिसलं नाही. तुला दिसलं, पण तू मला टोमणा मारायला दुसराच मुद्दा निवडलास. दुसऱ्या दिवशी आले तर तुम्ही सगळ्या हातमोजे घालून. पिवळे, निळे, एक हात एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या.

"कुठून आले?"

"तुझ्या पोरांनी टाकले की घाटावर जाताना. धुतले, वाळवले, वाटले. वर्षातनं चार मोहिमा घे, आमचं भागंल."

ठेकेदाराकडून मिळालेले मोजे पुरुषांच्या मापाचे होते, पाणी भरून पिशवीसारखे लोंबायचे. ते तुम्ही फेकून दिले होते. आमच्या मोहिमेचे दोन महिन्यांत फाटले. मग पुन्हा उघडे हात.

तुझे हात मला चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात. बोटांवर पांढऱ्या रेघा, जुन्या कापांच्या. मी त्यांना एकदा हात लावला, तर म्हणालीस, "ही गणपतीची. ही दत्ताची. ही कुण्या बाबाची, नाव माहीत नाय, दाढीवाला होता." सगळ्या तसबिरींच्या काचा. फुलांचा त्रास नाही, नारळाचा नाही, पिशवीत हात घातला की खालून काच. लोक हार वर ठेवतात आणि तसबीर खाली. पुलाला जाळी बसवली तर जाळीवरून फेकतात. पडताना काच फुटते. फेकणारा पुलावर उभा राहून हात जोडतो आणि गाडीला किक मारतो. त्याला कधी कळत नाही की आपल्या देवानं खाली कुणाचा हात कापला.

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस सगळ्यात वाईट. घरं साफ होतात, नवे फ्लॅट घेतले जातात, नव्या घराच्या रंगाला जुनी तसबीर शोभत नाही. तू म्हणायचीस, "सगळ्या नाशकाची साफसफाई माझ्या पायाशी येती."

अशाच एका दिवाळीआधी तू मला जवळ बसवलंस आणि म्हणालीस, "वही काढ. पत्रक सांगते." मी हसले. तू हसली नाहीस. एक तसबीर पालथी ठेवलीस, मागच्या खिळ्यांना दगडानं दोन बाजूंनी टिचक्या मारल्यास, पुठ्ठा उचललास आणि काच अख्खी सरकवून बाहेर काढलीस. चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ. "एवढंच सांगायचं लोकांना. विसर्जन करू नका, असं नाय म्हणायचं. ते ऐकत नाहीत, चिडतात. फक्त काच काढा म्हणायचं. काच घरी काढा, गुंडाळा, घंटागाडीला द्या. आणि तोंडानं सांगा, काच हाय म्हणून."

"तोंडानं कशाला? वर लिहिलं तर?"

"लिहिलेलं वाचायला गाडीवर टाइम नसतो. आणि सगळ्यांना वाचता येतं का? तोंडानं सांगितलं की हात थांबतो."

मी ते लिहून घेतलं. पाच ओळी होत्या.

आता लाजेची गोष्ट. मला त्या पाच ओळी लहान वाटल्या, मावशी. त्यात विचार नाही असं वाटलं. नदीचा प्रश्न केवढा मोठा. सांडपाणी, कारखाने, ठेकेदारी, जातीनं वाटून दिलेली कामं, सिंहस्थ येतोय म्हणून घाटाला लागणारा नवा रंग. या सगळ्यात काचेचं पत्रक काय काढायचं? मी ठरवलं की मोठी पुस्तिका करू, तुझ्या ओळी तिच्यात शेवटच्या पानावर चौकटीत टाकू. पुस्तिकेचं प्रास्ताविक मी चार वेळा लिहिलं. त्यातले शब्द जड होते आणि खरेही होते. पुस्तिका झालीच नाही. एक दिवाळी गेली. तू दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचीस, "छापलंस का?" आणि मी म्हणायचे, "मोठ्या कामात घालतेय, मावशी."

यंदाच्या दिवाळीच्या आधी तू एका पिशवीत हात घातलास. वर झेंडू, खाली तसबीर. उजव्या तळहातात, अंगठ्याच्या खाली, खोल गेली. हळद दाबलीस, चिंधी बांधलीस आणि परत त्याच पाण्यात उतरलीस. खाडा पडू नये म्हणून तीन दिवस कुणाला दाखवलं नाहीस. साखरेचा त्रास होताच. सुजाताला कळलं तेव्हा सूज कोपरापर्यंत गेली होती.

दवाखान्यात मी सकाळी सातला पोचले. तुझा हात पांढऱ्या पट्ट्यांनी जाड झाला होता, अंग तापलेलं होतं. मला बघून तू म्हणालीस, "क्रांती आज वेळेवर आली."

मग विचारलंस, "छापलंस का?"

मी म्हणाले, "हो मावशी. छापायला दिलंय."

तू डोळे मिटून मान हलवलीस. "फोटो नाय ना टाकलास कुणाचा?"

"नाही."

"बरं केलंस."

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यात मी खोटं बोलले. छापायला काहीही दिलेलं नव्हतं. माईकसमोर मला बोलता आलं नाही ते यामुळेच. त्या पाच ओळी वर्षापूर्वी निघाल्या असत्या तर ती एक तसबीर पुलावरून पडली नसती, असं मी म्हणू शकत नाही. पडलीही असती. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पत्रकानं काय होतं, काय होत नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. पण न काढलेल्या पत्रकानं काहीच होत नाही, हे पक्कं." त्यांनी मला धीर दिला नाही. मीही मागितला नव्हता.

तुझी राख नदीत गेली नाही, मावशी. देशभरातून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन आपल्या रामकुंडावर येतात, आणि तू, जी रोज त्या पाण्यात उभी होतीस, सुजाताला बजावून गेलीस, "माझं काही पाण्यात टाकू नका. काढणार कोण? माझ्याच मैत्रिणी." विहारामागच्या कडुनिंबाच्या आळ्यात ती घातली. तुझ्याबरोबरच्या चौघीजणी कामावरून तशाच ओल्या साडीनं आल्या होत्या. एकीनं आळ्यात वाकून बघितलं आणि हात घालून एक चॉकलेटचा कागद उचलून कमरेला खोचला. सवयीनं. मला वाटतं, तुला त्याहून चांगली आदरांजली कुणी वाहिली नाही.

विहारातून निघताना मी सुजाताला सगळं सांगितलं. वहीतल्या ओळी, वाया गेलेलं वर्ष, दवाखान्यातलं खोटं. वाटलं होतं ती बोलणं तोडेल. ती म्हणाली, "तिला कळलं असणार. आईला कागद छापलेला हाय का नाय, ते न बघता कळायचं." थोड्या वेळानं म्हणाली, "आता छाप."

तर मावशी, हे ते. मोठं काम बाजूला ठेवलंय. सुजाताला वाटत होतं की यासोबत तुझा फोटो द्यावा. मी नको म्हटलं. तुझा हसरा फोटो छापला तर लोक तुलाही टाकवत नाही म्हणून हारात बांधतील आणि तू पुन्हा त्याच पाण्यात जाशील. यावर कुणाचंच चित्र नाही. देवीचं नाही, नदीचं नाही, तुझं नाही.

वाचणाऱ्या माणसा, सवाल तुला केला होता, आता विनंतीही तुलाच. माळ्यावर, कपाटामागे, जिन्याखाली, दाराबाहेरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एखादी जुनी तसबीर असेल. ती आज काढ. मावशीनं सांगितलं तसं कर, तिच्याच शब्दांत देते:

"तसबीर पालथी ठेवा. खिळे काढा, पुठ्ठा उचला, काच अख्खी सरकवा. देवाच्या चित्राचं तुमच्या मनाला येईल ते करा. काच कागदात गुंडाळा नि घंटागाडीला हातात द्या. आणि तोंडानं सांगा."

कागद शोधू नकोस. हे पान फाड आणि त्यातच काच गुंडाळ. यावर कुणाचा फोटो नाही, पाप लागणार नाही. उद्या सकाळी गाडीची घंटा वाजली की खाली उतर, पुडकं लांबून फेकू नकोस, गाडीवरच्या बाईच्या जवळ जा, आणि तिनं हात पुढे करायच्या आधी म्हण,

"ताई, काच आहे."